बालवाडीतली वाडी

समासाचा धडा आला की 'राजवाडा', 'पंचवटी', 'आईवडील' हीच उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर चढतात. 'बालवाडी' कुणी घेत नाही. खरे तर तत्पुरुषाची इतकी गंमत दुसऱ्या शब्दात क्वचितच सापडेल. विग्रह करून पाहा. 'बालांची वाडी' म्हटले की षष्ठी. नारळाची वाडी, चिकूची वाडी या चालीवर मग मुले म्हणजे वाडीतली झाडे. 'बालांसाठी वाडी' म्हटले की चतुर्थी. आता वाडी मुलांच्या हवाली झाली आणि मुले माळी बनली. एका विभक्तीत मूल मातीत रोवलेले आहे, दुसरीत त्याच्या हातात खुरपे आहे. लहानांच्या शिक्षणाचे शब्द तपासू लागले की ही दोन मुले पुन्हापुन्हा भेटतात, आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटलेले दिसत नाही.

हा घोळ मराठीने घातलेला नाही. त्याचे गाव जर्मनीत आहे. थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्गला १८३७ साली फ्रीड्रिख फ्रोबेलने लहान मुलांसाठी एक संस्था काढली. तिचे पहिले नाव इतके लांबलचक होते की पाटी रंगवणाऱ्याची दया यावी. फ्रोबेल तीन वर्षे चपखल शब्द शोधत होता. १८४० साली एकदा सहकाऱ्यांबरोबर डोंगरवाटेने काइलहाउ गावाकडे चालत जाताना खालचे खोरे त्याला एखाद्या मोठ्या बागेसारखे दिसले, तो जागच्या जागी थबकला आणि 'सापडले!' म्हणून ओरडला, अशी हकीकत सोबत असलेल्या सहकाऱ्याने सांगून ठेवली आहे. 'किंडर' म्हणजे मुले, 'गार्टन' म्हणजे बाग. दोनच साधे, घरगुती शब्द; शेजारी शेजारी ठेवले आणि काम झाले.

या माणसाला बागच का दिसावी, हे त्याचे आयुष्य पाहिले की उमगते. आई तान्हेपणीच गेलेली, वडील धर्मोपदेशक आणि सदा कामात. पंधराव्या वर्षी पोराला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला धाडले. पुढे तो शिक्षक झाला तरी त्याची नजर रानातल्या माणसाचीच राहिली. मूल आतून, आपल्या गतीने वाढते. बाहेरच्याने ऊन, पाणी, मोकळी जागा द्यावी आणि वाट पाहावी, हे त्याचे सारे तत्त्वज्ञान झाडाकडे बघून शिकलेले आहे. त्याच्या संस्थेतल्या शिक्षिकांना नाव पडले 'किंडरगेर्टनरिन'. म्हणजे मुलांची माळीण. इथवर षष्ठीचाच विजय आहे.

पण फ्रोबेलने बागेचा जो आराखडा मांडला त्यात मात्र चतुर्थी बाजी मारते. त्याच्या मते प्रत्येक किंडरगार्टनला खरी बाग हवी. मधोमध छोटे छोटे वाफे, प्रत्येक मुलाचा एक. त्यांच्या भोवती, कडेने, सगळ्यांचे सामाईक वाफे: एका अंगाला फुले, दुसऱ्या अंगाला भाज्या, धान्य, कडधान्य, कंद, गळिताची पिके. मधून पायवाटा. सामाईक वाफ्यात काय लावायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, पण स्वतःच्या वाफ्यात मूल राजा. त्याला हवे ते त्याने लावावे, हवे तसे हाताळावे, आणि निष्काळजीपणा केला तर काय होते तेही वाफ्यानेच शिकवावे. जागा अपुरी पडली तर दोन मुलांत एक वाफा, त्यातूनही शेजारधर्म शिकता येतो. वाफ्याच्या टोकाला काठी, काठीवर पाटी, पाटीवर रोपाचे नाव आणि मुलाचेही नाव. कडेचे सामाईक वाफे मधल्या एकट्यादुकट्या वाफ्यांना कवेत घेतात, जसा समाज माणसाला, ही त्याची कल्पना. इतका विचार करून आखलेला भाजीचा वाफा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. गंमत अशी की वादग्रस्त लेखन पुतण्या कार्ल फ्रोबेलचे होते आणि आडनावाच्या घोळात काकांची बाग उखडली गेली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. तोवर त्याच्या विद्यार्थिनी देशोदेशी पांगल्या होत्या आणि जाताना कलम न्यावे तसा शब्द घेऊन गेल्या होत्या. रशियनने त्याचा 'देत्स्की साद' केला, हिब्रूने 'गान येलादिम'. दोन्हींत बाग शाबूत. जपानमध्ये १८७६ साली तोक्योच्या महिला अध्यापक विद्यालयाला जोडून पहिले 'योचिएन' निघाले, त्यातला 'एन' म्हणजे बागच. इंग्रजीने मात्र आळस केला आणि जर्मन शब्द अख्खाच गिळला. तिथून तो आपल्याकडे येईतो त्याची दोनच अक्षरे उरली: केजी. ज्युनिअर केजी, सीनिअर केजी. आज केजीतल्या मुलाचे दप्तर किती केजी, असा विनोद करता येतो. त्या 'जी'मध्ये एके काळी जमीन होती हे कुणाच्या गावी नसते.

हे 'दप्तर'ही मोठे प्रवासी. ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे. लिहायच्या कातड्यावरून फारसीत 'दफ्तर' म्हणजे वही, नोंदवही, मग नोंदवह्यांची कचेरी. मराठीत पेशवे दप्तरापर्यंत येऊन तो शब्द सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर बसला. म्हणजे आपली मुले रोज सकाळी सरकारी कचेरी पाठीला लावून शाळेत जातात.

वाडीकडे परत येऊ. 'वाडी'चे मूळ संस्कृत 'वाट', 'वाटिका'. हा वाट रस्त्याचा नव्हे; याचा अर्थ कुंपण, कुंपण घातलेली जागा. प्राकृतात 'वाडिआ', मराठीत 'वाडी'. पाटलाचा वाडा त्याच घरचा. शेताच्या बांधाला काटेरी झुडपांची 'वई' घालतात, ती 'वृति'पासून आलेली. वाट आणि वृति या दोघांच्याही मुळाशी 'वृ' म्हणजे वेढणे. आता गंमत पाहा. इंग्रजीतला 'गार्डन', जर्मनमधला 'गार्टन' यांच्याही तळाशी कुंपण घातलेली जागा हाच अर्थ आहे. इंग्रजीतला 'यार्ड', म्हणजे आपले अंगण, तोही त्यांचा सख्खा भाऊ. आणि भाषांचे वंशवृक्ष मांडणारे पंडित आपल्या संस्कृत 'गृह'ला याच कुळात बसवतात. म्हणजे प्राकृतातून आलेले आपले 'घर' आणि साहेबाचे 'गार्डन' हे दूरचे भाऊबंद. बाग म्हणजे आधी फुले नव्हेतच, आधी कुंपण. गुरे आत येऊ नयेत म्हणून केलेली सोय.

मारिया माँतेस्सोरीने १९०७ साली रोममध्ये आपली पहिली शाळा काढली तेव्हा बागेचे नाव टाळले आणि घराचे घेतले: 'कासा देई बाम्बिनी', मुलांचे घर. तरी तिच्याही पुस्तकात मुलांनी रोपे लावावीत, पाणी घालावे, जनावरे सांभाळावीत, यावर खुलासेवार प्रकरण आहे. पेरलेले उगवेतो थांबायला मूल शिकते, असा तिचा मुद्दा. तिचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात मुरवला. ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवला आणि १९४५ साली अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या डहाणू भागातल्या बोर्डीला गेल्या. शहरी शिशुविहार ते खेड्यातली बालवाडी असा हा प्रवास. हे गाव ज्या पट्ट्यात आहे तिथे 'वाडी' म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे चिकूची झाडे येतात. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत मजुरीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना 'वाडी' शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. देशावरच्या माणसाला वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती; कोकणातल्याला वाडी म्हणजे शिंपण्याची बाग. 'बालवाडी'त हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, आणि म्हणूनच मला तो 'किंडरगार्टन'पेक्षा सरस शब्द वाटतो. त्यात बाग आहे आणि गावही आहे.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तिथल्या संस्थेचे नाव 'विकासवाडी'. पुन्हा वाडी. वारली पाड्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडी उचलून पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि या टेकडीवरचा मराठी शब्द सरकारी कागदावर चढून देशभर पसरला. 'अंगणवाडी'चा अर्थ इंग्रजीत सांगून तिथल्या कुळाचार्याला विचारले तर तो म्हणेल, 'यार्ड' आणि 'गार्डन' ही एकच व्युत्पत्ती. तुम्ही एकच शब्द दोनदा लिहिला आहे. तमिळनाडूत 'बालवाडी'ची 'पालवाडी' झाली. तमिळमध्ये 'पाल' म्हणजे दूध, तेव्हा लहान मुलांच्या जागेला हे नाव तिथल्या आयांना अगदी रास्त वाटले असणार. लोक शब्द उसना घेतात तेव्हा त्यात आपले काही तरी घालूनच घेतात.

ताराबाई आणि अनुताईंची आणखी एक करणी आहे, तिचे नाव मला सगळ्यात आवडते: 'कुरणशाळा'. गुरे राखायची म्हणून पोरे शाळेत येत नव्हती. तर गुरे चरतात तिथेच शाळा भरवायची. 'शाळा' हा शब्द मुळात फारसा अभिजात नाहीच. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा. शाला म्हणजे छप्पर, खोपटे, आडोसा. कुरणशाळेत तेवढेही नव्हते.

कुंपणाआतली जागा, सांभाळलेली रोपे आणि मुले हा संबंध लॅटिननेही जोडला होता, फ्रोबेलच्या कितीतरी आधी. 'सेमेन' म्हणजे बी, 'सेमिनारियुम' म्हणजे रोपे तयार करण्याची जागा, आपला गादीवाफा. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की धर्मगुरू लहानपणापासून घडवण्यासाठी ठिकठिकाणी शाळा असाव्यात, आणि त्यांना शब्द वापरला 'सेमिनारियुम'. आंब्याचे कलम जसे रोपवाटिकेत, तसा धर्मगुरू सेमिनरीत. गोव्यातल्या ज्या राशोलहून १६१६ साली फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले, तिथे पुढे सेमिनरीच झाली. त्याच बियाण्याचा दुसरा फुटवा म्हणजे 'सेमिनार'. वातानुकूलित सभागृहात जांभया आवरत बसणाऱ्यांनी आपण मुळात तरव्यात उभे आहोत एवढे लक्षात ठेवले तरी बरे वाटेल. 'नर्सरी'चा प्रवास उलट दिशेने. ती आधी दाईची, तान्ह्या बाळांची खोली. रोपांना तो शब्द नंतर, सोळाव्या शतकात लागला. आज आपल्याकडे एकाच रस्त्यावर दोन नर्सऱ्या असतात. एकीत मोगऱ्याचे रोप पिशवीसकट पन्नास रुपयांना मिळते. दुसरीच्या फीविषयी न बोललेले बरे.

आता मराठीतला सर्वांत कष्टाळू शब्द. 'मनाची मशागत' असे आपण सहज म्हणतो. किकेरोने 'कुल्तुरा आनिमी' म्हटले ते हेच: जमीन कसावी तसे मन कसावे. युरोपातला 'कल्चर' तिथून निघाला. दोन भाषांनी परस्परांना न विचारता केलेली हीच उपमा; पण शब्दांची जात निराळी. लॅटिन 'कोलेरे'त वस्ती करणे, राखणे, पूजा करणे असे सोज्ज्वळ अर्थ आहेत. 'मशागत' आली अरबी 'मशक्कत'वरून, आणि मशक्कत म्हणजे निव्वळ कष्ट, हाल. मराठी शेतकऱ्याने नांगरणी, कुळवणी, खुरपणी या सगळ्यांना मिळून नाव दिले तेच मुळी 'हाल' हे. याच्या शेजारी युरोपातला 'स्कूल' ठेवा. ग्रीक 'स्खोले' म्हणजे फुरसत. ज्याला हातांनी काम करावे लागत नाही अशाला मिळणारा रिकामा वेळ, आणि त्या वेळात चाललेली चर्चा. एका शब्दात फुरसत, एकात कष्ट. शाळेत शेती शिकवायची म्हणजे या दोघांचे लग्न लावायचे, आणि ते कधीच सुरळीत पार पडलेले नाही.

प्रयत्न जुने आहेत. कोमेनियस या मोराव्हियाच्या शिक्षकाने १६५७ साली छापलेल्या 'दिदाक्तिका माग्ना'त शाळेला लागून बाग असावी असे लिहिले. पण त्याची मुले बागेत जातात ती झाडेफुले बघून डोळे निववायला. खुरपे अजून आलेले नाही. स्वित्झर्लंडात पेस्तालोत्सीने १७७४च्या सुमारास आपल्या 'नॉयहोफ'वर, म्हणजे 'नव्या शेतावर', गरिबांची मुले आणून शेतकाम, सूतकाम आणि अक्षरओळख एकत्र सुरू केली. १७८० साली पैशाअभावी ते मोडले. कायद्याच्या भाषेत शाळेची बाग आली ऑस्ट्रियात: १४ मे १८६९च्या शाळा-कायद्याने खेड्यातल्या शाळांना बाग आणि शेतीच्या प्रयोगासाठी जमीन असावी असे सांगितले. लगेच पुढच्या वर्षी एरास्मुस श्वाबचे 'शूलगार्टन' नावाचे पुस्तक निघाले. म्हणजे 'मुलांची बाग' जाऊन 'शाळेची बाग' आली. विभक्ती तीच राहिली, पण या खेपेला मालक बदलला. बॉस्टनच्या हेन्री क्लॅपने युरोपातल्या अशा बागा पाहून १८९१ साली आपल्या रॉक्सबरीच्या शाळेत रानफुलांचे वाफे केले. अमेरिकेतली शाळेची बाग तिथपासून मोजतात. पुढे पहिल्या महायुद्धात तिथल्या सरकारने पोरांची 'शालेय उद्यान सेना'च उभारली. बटाटे लावणारी मुले आता सैनिक झाली. रोप, माळी, सैनिक: मोठ्यांना ज्या वेळी जे हवे ते.

आपल्याकडचा पहिला ठळक आवाज जोतीराव फुल्यांचा. आडनावाचीच गोष्ट आधी सांगायला हवी. घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचा व्यवसाय, त्यावरून लोक 'फुले' म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. जात माळी, आणि 'माळी'ही आला 'माला'पासून. म्हणजे हा आधी हार गुंफणारा, बाग त्याला नंतर चिकटली. अशा घरातला माणूस १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देतो. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी त्यात आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. आणि मग एक वाक्य असे येते की खेड्यातल्या शाळांना शेतीच्या धड्यांसोबत एक छोटे नमुन्याचे शेत जोडून द्यावे, तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावे, आणि ते नीट चालवले तर देशाचे मोठे भले होईल.

'नीट चालवले तर' ही अट फुल्यांची, माझी नव्हे. सरकारी कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. शिवाय त्या यादीचा क्रम बघण्यासारखा आहे. शेती आहे, पण मोडी, हिशेब आणि इतिहास यांच्या पंगतीला बसलेली. शेतकऱ्याच्या पोराने शेतीच शिकावी असे ते म्हणत नाहीत; शेती हा शिकण्याचा विषय आहे असे म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'नमुना' हा शब्द आज आपण वात्रट माणसाला लावतो. फुल्यांच्या मनातले शेत नमुनेदार होते.

पुढे सरकारदरबारी शब्द रुजला 'शेतकी'. क्षेत्रापासून 'छेत्त', त्यापासून 'शेत'. हिंदीने त्याच क्षेत्राचे 'खेत' केले. 'शेती' हे काम, पण 'शेतकी' म्हणताच त्याला पाटीलकीचा '-की' चिकटतो आणि कामाचे खाते होते. शेतकी खाते, शेतकी कॉलेज, शेतकी शाळा. पुण्याजवळच्या लोणी गावावरून 'लोणी पद्धतीच्या' शेतकी शाळा मुंबई इलाख्यात निघाल्या, थोरल्या मुलांना मराठीतून शेती शिकवणाऱ्या. १९२८च्या शाही शेतकी आयोगाने त्यांची पंजाबातल्या शाळांशी तुलना केली, कारण पंजाबात सर्वसाधारण शाळेलाच शेत किंवा बाग जोडलेली होती. आयोगाचा कल पंजाबकडे. आयोगाने काही ठरवो, गावातल्या बापाचे गणित निराळे होते. पोराला शाळेत घालायचे ते नांगर सुटावा म्हणून. तिथेही मास्तर नांगरच धरायला लावणार असेल तर घरचा काय वाईट? या प्रश्नाला कुठल्याच अहवालाने सरळ उत्तर दिलेले नाही. 'शेतकी' मात्र हळूहळू गेली आणि 'कृषी' आली. 'कृष्' म्हणजे ओढणे. 'आकर्षण'ही त्याच धातूचे. पण कृषीकडे ते कुणाला वाटलेले दिसत नाही.

भाऊराव पाटलांनी तो पेच आपल्या पद्धतीने सोडवला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह. मुलांनी जमीन कसायची, भाजी पिकवायची, आणि त्यावर स्वतः शिकायचे. ते वसतिगृह पुढे 'धनिणीची बाग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत होते, हा योगायोग शब्दवेड्याला सोडवत नाही. 'रयत'ची कथा तर आणखी खोल. अरबीत त्याच्या मुळाशी चरणे, चारणे हा अर्थ आहे; रयत म्हणजे राखायचा कळप, राजा गुराखी. बागाईत, जिराईत, मशागत, रयत हे सगळे शब्द महसुलाच्या दप्तरातून आले. त्यातला जो सर्वांत वाकलेला होता तोच या माणसाने संस्थेच्या नावाला अभिमानाने लावला.

वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या परिषदेतून गांधींची 'नई तालीम' निघाली. झाकिर हुसेन समितीने शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोग्या हस्तव्यवसायांत शेती आणि फळे-भाज्यांची बागही घातली. मराठी माणसाला 'तालीम' ऐकून काय वाटले असेल? अरबीत तालीम म्हणजे शिकवणे, 'इल्म'च्या घरातला शब्द. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीची जागा, फार तर नाटकाची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती, लंगोट आणि वस्ताद. पण जरा थांबून पाहिले तर मराठी कानाने फार चूक केलेली नाही. मातीत उतरल्याशिवाय तालीम नाही, हे गांधींनाही कबूल झाले असते. ज्या गावी हा प्रयोग वाढला त्या सेगावचे नाव शेगावच्या टपालाशी घोळ होतो म्हणून सेवाग्राम करावे लागले, हे जाता जाता.

नई तालीमचे मराठीत भाषांतर झाले तेव्हा शब्दांचे पीकच आले: मूलोद्योगी शाळा, जीवनशिक्षण. 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशा पाट्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर आजही दिसतात. 'मूलोद्योग' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला 'मुलांचे उद्योग' वाटला होता, आणि आमच्या घरी 'काय उद्योग करून आलास?' हा प्रश्न चांगल्या अर्थाने विचारला जात नसे. पुढे कोठारी शिक्षण आयोगाच्या शिफारशीनंतर 'कार्यानुभव' आला. आमच्या वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास त्या नावाचा, तोंडी मात्र सगळे 'बागकाम'च म्हणत. शाळेच्या मागे चार सपाट वाफे होते. एका हौदातून पाणी आणायचे, झारी एकच, आणि तिच्या तोटीची भोके कायम बुजलेली. गुरुजी त्या झारीकडे बघून 'आत शुक्राचार्य बसलेत' म्हणायचे. ती गोष्ट मला बळी-वामनाच्या पुराणाआधी झारीनेच सांगितली. पण वाफ्यावर जायची पाळी बहुधा शिक्षा म्हणून यायची. पाढा चुकला, वाफ्याला पाणी घाल. गणवेश मळका, तण काढ. ज्यांच्या घरी शेती होती ती मुले हे काम झटक्यात उरकत आणि सावलीत बसत. आम्ही गावठाणातली पोरे मुळ्याला मेथी समजून उपटत असू. पाटी होती, तिच्यावर 'मुळा' लिहिलेले. मुलाचे नाव फ्रोबेलकडेच राहिले.

आताचा शब्द 'परसबाग'. मराठी परस आणि फारसी बाग यांचा जोड. 'परसाकडे जाणे'मुळे त्या परसाची जी अप्रतिष्ठा झाली होती ती या जोडाने बरीच भरून काढली. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत शाळेच्याच अंगणातली ताजी भाजी पडावी म्हणून परसबागेचे धोरण आले आणि काही शाळांनी ते फार मनापासून केले. गेल्या पावसाळ्यानंतर अशा एका शाळेत गेलो होतो. वाफसा चांगला होता, कोथिंबीर नुकती वर आलेली, कुंपण तारेचे. बाईंनी कौतुकाने परसबागेची नोंदवही दाखवली. रकाने आखलेले: भाजीचे नाव, पेरणीची तारीख, देखभाल करणारे, उत्पन्न किलोमध्ये. दुसऱ्याच ओळीत भाजीचे नाव 'पालक' आणि देखभाल करणारे 'पालक'. मी हसलो, बाईही हसल्या. मग त्यांनी पेन मागितले, 'देखभाल'खालचे 'पालक' खोडले आणि खिडकीतून बाहेर हाक मारली, "ए, त्या पालकाला पाणी कोण घालतं रे?" तीन हात वर झाले, त्यातला एक चिखलाने भरलेला.